होडीतला सोनार

"आता होडीत सोनार बसवलाय," असे मी घरी सांगितले, तेव्हा आमच्या सौ. भाकरी थापता थापता थांबल्या. म्हणाल्या, "होडीत सोनार कशाला? माशांना नथी करायला?"

चूक त्यांची नाही. नावच तसे आहे. इंग्रजीतल्या चार शब्दांची आद्याक्षरे जुळवून हा शब्द तयार झाला आणि नेमका आपल्या गावातल्या सोनारासारखा निघाला. हा सोनार म्हणजे एक लहानसे यंत्र. ते पाण्यात आवाज सोडते, तळावरून परत आलेला आवाज ऐकते आणि खाली काय आहे ते पडद्यावर काढून दाखवते. मासे धरणारे लोक त्याला मासे शोधायचे मशीन म्हणतात. आम्ही मात्र ते माशांसाठी घेतले नाही. कशासाठी घेतले ते सांगायचे तर मला माझी एक जुनी चूक आधी सांगावी लागेल.

माझी निम्मी नोकरी उजनीच्या फुगवट्याच्या काठाने गेली. कृषी विस्तार अधिकारी म्हटले की आज या गावी उसाच्या बेण्याची प्रक्रिया, उद्या त्या गावी केळीच्या बागेवरचा करपा. मधे पाणी. रस्त्याने जायचे तर भला मोठा वळसा, होडीने गेले तर थोड्या वेळात पलीकडे. करमाळ्याकडची आणि इंदापूरकडची माणसे आजही बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला होडीनेच जातात.

या पाण्याखाली काय आहे हे काठच्या माणसाला सांगायला नको. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि मागे यशवंतसागर पसरला. पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतली गावे त्यात गेली. पळसदेवचे जुने देऊळ २०२४ च्या उन्हाळ्यात उघडे पडले, तेव्हा लांबलांबून माणसे बघायला आली. देवळाला शिखर आहे म्हणून ते दिसते. पण गाव म्हणजे नुसते देऊळ नव्हे. घरांच्या भिंती, शेताच्या ताली, चिंचेची आणि बाभळीची खोडे, मोटेच्या विहिरींचे दगडी बांधकाम, हे सगळे तिथेच आहे. पाणी भरपूर असते तेव्हा त्याचा कोणाला त्रास नाही. पाणी उतरू लागले की मग त्याची आठवण होते.

आणि उजनीचे पाणी उतरते म्हणजे कसे, तेही बघा. धरण भरते ४९६.८३ मीटरला. मृतसाठ्याची रेषा ४९१.०३ मीटरला. म्हणजे आपण ज्या पाण्यावरून भांडतो ते सगळे सुमारे १९ फुटांच्या उंचीत आहे. धरणाच्या ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसीहून अधिक साठा त्या रेषेच्या खाली. म्हणून आपल्याकडे "उजनी उणे झाली" असे म्हणतात. २०२४ च्या जूनमध्ये ती उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली होती. जानेवारीत ज्या भिंतीवरून होडी खुशाल गेली, तीच भिंत एप्रिलमध्ये होडीच्या बुडाला लागते.

तर ती चूक. साल २००३, दुष्काळाचा उन्हाळा. मी पलीकडच्या गावी मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. परत येताना मला तालुक्याच्या बैठकीला उशीर होत होता. होडी तात्यांची. तात्या म्हणजे या पट्ट्यातले जुने होडीवाले, जातिवंत पाणीमाणूस. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा होडीच्या नाकाडावर बसला होता. तात्यांनी होडी डावीकडून लांबून घ्यायला सुरुवात केली. मी विचारले, एवढा वळसा कशाला? म्हणाले, "सायेब, सरळ नगं. तितं हिरीचं थारोळं हाय. पानी उतारलंय."

मी पाण्याकडे बघितले. सपाट, गुळगुळीत, हिरवट पाणी. त्यात काय दिसणार? मी म्हणालो, "तात्या, रोज जाता ना? मला दोनला पोचायचं आहे. सरळ घ्या." माझा आवाज चढला होता हे मला चांगले आठवते. साहेबाने आवाज चढवला की आपल्याकडे माणूस गप्प बसतो. तात्या गप्प बसले आणि त्यांनी होडी सरळ घेतली.

धडक बसली तेव्हा आधी नुसता खर्रकन आवाज आला. मग होडी थांबली आणि आम्ही पुढे गेलो. पोरगा नाकाडावरून उडाला आणि त्या थारोळ्याच्या दगडावरच पडला. पाणी तिथे गुडघाभरसुद्धा नव्हते, म्हणून बुडाला नाही. उजवे कोपर मात्र मोडले. होडीची एक फळी फुटली. माझ्या मातीच्या पिशव्यांनी आम्ही भोक दाबून धरले आणि तात्यांनी बांबूने होडी काठाला आणली. बैठकीला मी गेलोच नाही. पोराला घेऊन दवाखान्यात गेलो.

हाड बसले, पण कोपर पुरते सरळ झाले नाही. आजही होत नाही. तात्यांनी "साहेबांनी सांगितलं म्हणून सरळ घेतली" असे गावात कोणाला एका शब्दाने सांगितले नाही. विचारले तर म्हणायचे, माझा अदमास चुकला. बावीस वर्षे मी ते तसेच चालू दिले. आज हे पहिल्यांदाच लिहितो आहे.

तोच मुलगा आता होडी चालवतो. फायबरची होडी, मागे इंजिन. सकाळी जाळी, दिवसा माणसे, थंडीत रोहित पक्षी बघायला येणारे पाहुणे. २०२५ च्या सुरुवातीला त्याने ते यंत्र आणले. एका बऱ्यापैकी पाणबुडी मोटारीचे पैसे त्यात मोडले. मला फोन करून म्हणाला, "काका, मशीन आणलंय. पुस्तक इंग्रजीत हाय. येता का?" जाणे भागच होते.

यंत्राचे दोन भाग. एक पडदा, मोबाइलपेक्षा थोडा मोठा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. दुसरा मुठीएवढा सेन्सर, तो होडीच्या मागच्या फळीला पाण्यात बुडेल असा लावायचा. खरे काम या सेन्सरचे. त्यात एक स्फटिकासारखी चकती असते. तिला वीज दिली की ती थरथरते आणि पाण्यात आवाज जातो. परत आलेल्या आवाजाने ती पुन्हा थरथरते आणि वीज तयार होते. एकच अवयव बोलतो आणि ऐकतो. आवाज सेकंदाला दोन लाख कंपनांचा. आपला कान वीस हजारांच्या पुढे ऐकत नाही, म्हणून आपल्याला काही कळत नाही.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. हवेत तो ३४० मीटरच धावतो. हे पहिल्याने नीट मोजले १८२६ साली, स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरावर. एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर दारूचा भडका उडवायचा. कित्येक किलोमीटरवर दुसऱ्या होडीत कोलाडोन नावाचे शास्त्रज्ञ पाण्यात नळी घालून बसलेले. भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ त्यांनी मोजला. पुढे पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायच्या निकडीने या विद्येला जोर आला. आपण मात्र तिचा हिशेब सोपा धरू. आवाज जाऊन यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला, तर तो एकूण ३० मीटर गेला. जाण्याचे १५, येण्याचे १५. म्हणजे तळ १५ मीटरवर. हे गणित यंत्र सेकंदाला कित्येक वेळा करते आणि एकेक रेघ पडद्यावर ओढत जाते.

पहिल्याच दिवशी आम्ही फसलो. पडद्यावर तळाची जाड रेघ चालली होती, तिच्यावर मधेच एक उंचवटा उठला. मी ओरडलो, "पुढे काहीतरी आहे, डावीकडे घे!" पोराने होडी वळवली. तात्या मधल्या फळीवर बसले होते. आता वय झाले, ऐकू कमी येते, पण नजर पाण्यावर. ते हसले. म्हणाले, "सायेब, ते मागं ऱ्हायलं."

तात्यांचे बरोबर होते. यंत्र खाली बघते, पुढे नाही. पडद्याच्या अगदी उजव्या कडेला जी रेघ उमटते तेवढी आत्ताची. तिच्या डावीकडचे सगळे होऊन गेलेले. उंचवटा पडद्यावर दिसला तेव्हा आम्ही त्याच्यावरूनच पार झालो होतो. होडी ताशी १० किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला नऊ फूट सरकते. मग हे यंत्र बसवून भरधाव होडी हाकणारा आणि यंत्र नसलेला, दोघे सारखेच. उलट यंत्रवाला जास्त धोक्यात, कारण त्याचा डोळा पाण्यावर नसून पडद्यावर असतो. पुढे बघणारे सोनारही निघाले आहे, बाजूला बघणारेही आहे, पण ती भारी कामे. आपल्या होडीवाल्याला परवडणारे यंत्र खालीच बघणार.

दुसरी गोष्ट मला घरी कागदावर आकडे मांडले तेव्हा उमगली आणि ती जास्त महत्त्वाची वाटते. यंत्रातून आवाज विजेरीच्या झोतासारखा खाली पसरतो. आमच्या यंत्राचा झोत वीस अंशांचा. त्याची तळावरची रुंदी खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी वर येते. तीस फूट पाण्यात ते तळावरचे दहा फूट बघते. सहा फूट पाण्यात फक्त दोन फूट. म्हणजे जिथे पाणी उथळ, जिथे होडी आपटायची खरी भीती, तिथेच यंत्राला सर्वांत कमी दिसते. डाव्या हाताला तीन फुटांवर विहिरीचा कठडा असला तरी पडदा आपला सपाट तळ दाखवत राहील.

मग याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. मीही पोराला तेच विचारले. पैसे त्याचे गेले होते, त्यामुळे उत्तरही त्यालाच शोधावे लागले. तो म्हणाला, "काका, रोज जाता-येता बघायचं नाही. एकदा सगळं मोजून ठेवायचं."

आणि आम्ही तसेच केले. रविवार बघून सकाळी वारा पडलेला असताना निघायचो. तात्या सांगायचे, हितं अमक्याची हीर. आम्ही त्या जागी पाभर चालवावी तशा ओळी धरायचो. वल्ह्याने, अगदी हळू. एक ओळ झाली की तीन-चार फूट सरकून दुसरी. पेरणीत जसा सरता मोकळा राहिला की ओळ रिकामी जाते, तसे इथे ओळ चुकली की भिंत चुकते. यंत्रात उपग्रहावरून जागेची खूण ठेवायची सोय आहे. काही सापडले की बटण दाबायचे आणि मी वहीत लिहायचे.

पडदा वाचायलाही हळूहळू जमले. कठीण तळाचा आवाज जोरात परत येतो, त्याची रेघ जाड आणि गडद. कधी कधी तो आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि परत येतो. तेव्हा दुप्पट खोलीवर दुसरा खोटा तळ दिसतो. तो दिसला की खाली खडक किंवा बांधकाम आहे असे समजावे. गाळाचा तळ पातळ आणि फिकट. उभे खोड तळापासून वर आलेल्या धुरासारखे दिसते. मासा होडीखालून गेला तर कमान उमटते. पहिल्या दिवशी चिलापीच्या थव्याला मी झुडूप समजलो, ही गोष्ट पोरगा अजून सगळ्यांना सांगतो.

एका जागी मात्र तात्या आणि यंत्र यांचे जमेना. तात्या म्हणत, हितं माळ्याची हीर हाय, तिच्या कडंला मोठी चिंच. पडद्यावर आठ फुटांवर सपाट गाळ. आम्ही चार ओळी काढल्या. काही नाही. मी मनात म्हटले, पन्नास वर्षे होत आली, म्हाताऱ्याची आठवण ती किती. पोरगाही म्हणाला, "आबा, राहू द्या, गाळानं बुजली असंल." तात्यांनी काठावरच्या टेकडीकडे बघितले, मग पलीकडच्या देवळाच्या कळसाकडे, मग म्हणाले, "अजून कासराभर खाली घे."

पाचव्या ओळीला आठ फुटांवरचा तळ एकदम साडेतीनवर आला. रेघ जाड, काळी. मी बांबू खाली घातला, टक्कन दगड लागला. विहीर आतून गाळाने भरली होती, पण धावेच्या तोंडाचे दगड उभेच होते. आदल्या ओळीत आम्ही त्याच्यापासून हात-दीड हातावरून गेलो होतो. बटण दाबायला मी पोराला सांगितले आणि वहीत जागा लिहिताना खाली वाकून राहिलो. बावीस वर्षांपूर्वी याच माणसाने मला असेच सांगितले होते आणि मी पाण्याकडे बघून काही दिसत नाही म्हणालो होतो.

वहीबद्दल एक सांगतो, कारण इथे बहुतेकजण चुकतील. नुसती खोली लिहून उपयोग नाही. "इथे भिंत साडेतीन फुटांवर" हे त्या दिवसापुरते खरे. पाणी दोन फुटांनी उतरले की ती दीड फुटावर आली. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे त्या दिवसाची धरणाची पाणीपातळी लिहावी. ती रोज वर्तमानपत्रात येते. पुढे केव्हाही त्या दिवसाची पातळी वजा केली की भिंत किती खाली आहे ते कळते. शिवाय यंत्र खोली सांगते ती सेन्सरपासूनची, पाण्याच्या वरच्या कडेपासूनची नव्हे. आणि इंजिनाचा पंखा सेन्सरच्याही खाली असतो, तेवढा फरक धरूनच चालावे. सेन्सर पंख्याच्या फेसात आला तर बुडबुड्यांमुळे पडदा भरकटतो. त्याच्यावर शेवाळ चढते, ते पुसावे. आमच्या पोराने शेवाळ विळ्याने खरवडले आणि चकतीच्या आवरणावर ओरखडे काढले. ओल्या फडक्याने पुसले तर निघते.

काय दिसत नाही तेही सांगायला हवे. नायलॉनचे जाळे दिसत नाही. पाण्याच्या वरच्या थरातली वायर, दोरी, जलपर्णीचा गठ्ठा दिसत नाही. बारीक उभा गज दिसला तर दिसला. आता हे गज आणि वायरी कोणाच्या, विचारा. आपल्याच! उन्हाळ्यात पाणी मागे हटते तसे आपण मोटारीचे तराफे पुढे नेतो, पाइप वाढवतो, पहारी रोवतो. पावसाळ्यात पाणी येते तेव्हा तराफा काढतो आणि पहार तशीच ठेवतो. फुटका पाइप कोण काढतो? पुढच्या साली तोच पाइप कोणाच्या तरी पंख्यात जातो. जुन्या गावच्या भिंतींचा दोष नाही, त्या आधीपासून तिथे आहेत. या पहारी आपण दरसाल नव्याने पेरतो. मी बैठकांतून हे बोललो की सगळे मान डोलावतात. पहारी काही निघत नाहीत. निदान पाण्याच्या बाटल्या बांधून तरंगती खूण तरी ठेवावी.

आणि वारा. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण बुडाले. तिथे खाली भिंत नव्हती. कुठलेही सोनार त्यांना वाचवू शकले नसते. वळवाचे आभाळ भरले की होडी सोडायची नाही, आणि अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय पोराबाळांना होडीत घ्यायचे नाही. आमच्या होडीत आता जॅकेटे आहेत. साहेबालाही सूट नाही, असे पोराने मला पहिल्याच दिवशी सांगितले.

यंत्राचा एक उपयोग मात्र आम्ही धरलाच नव्हता. शेजारच्या एका बागायतदाराने दरवर्षीप्रमाणे उन्हाळ्यात पाइप काठापासून सरळ पुढे न्यायचे ठरवले होते. आम्ही त्याच्या समोरचा तळ मोजून दिला. सरळ पुढे मातीचा उंचवटा निघाला, जुन्या रस्त्याचा भराव असावा. नदीचे जुने पात्र डाव्या अंगाला तिरके आणि बरेच जवळ होते. त्याचे पाइपाचे नळ वाचले आणि मोटार उघडी पडायची भीतीही गेली. त्याने पोराला केळीचे दोन घड आणून दिले. तात्या म्हणाले, "मला इचारलं असतंस तरी सांगितलं असतं." बागायतदार म्हणाला, "तात्या, तुमी सांगितलं असतं, पर म्या ऐकलं नसतं."

माझ्या वहीत आजवर एकतीस जागा झाल्या. विहिरी नऊ, खोडे बरीच, भिंती आणि ताली, एक विजेचा मोडका खांब. पोराने त्यातल्या वाटेवरच्या जागांना पांढरे डबे बांधले. दोन जागा राहिल्या आहेत. एक तात्यांच्या स्वतःच्या घराची आणि दुसरी त्यांच्या खळ्याजवळच्या चिंचेची. त्या मे महिन्यात पाणी आणखी उतरल्यावर करू म्हणून आम्ही ठेवल्या होत्या. पण २०२५ साली मे महिन्यातच पाऊस कोसळला, ओढे वाहिले, आणि धरण उन्हाळा संपायच्या आतच चढू लागले. तात्यांना वाईट वाटले असेल म्हणून मी भेटायला गेलो. ते ओट्यावर जाळे विणत बसले होते. म्हणाले, "पानी आलं न्हवं, मग झालं तर. घर काय, कुटं जातंय?" आणि पोराला हाक मारून म्हणाले, सायबांना चहा टाक. पोराने वाकड्या हातानेच स्टोव्ह पेटवला.